झाकलेला पिवळा

त्या कॅनव्हासच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात, चौथ्या थरात, एक पिवळा लागला होता. गवयाला सूर लागतो तसा रंगही कधीकधी लागतो, आणि लागलेला रंग आपण लावला असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. जेमतेम तळहाताएवढा तुकडा होता तो. खाली पोतासाठी चढवलेल्या घट्ट लेपाचे, म्हणजे वाळलेल्या मॉडेलिंग पेस्टचे, वेडेवाकडे उंचवटे, त्यांच्या खाचांत आधीच्या थरातला विटकरी रंग, आणि वरून पॅलेट नाइफने, म्हणजे रंगाच्या लवचिक पात्याने, अगदी हलक्या हाताने ओढलेला पिवळा, जो उंचवट्यांच्या माथ्यांवर तेवढा राहिला होता आणि खाचांत उतरलाच नव्हता. जवळून पाहिले तर दोन वेगळे रंग दिसत आणि चार पावले मागे गेले की दोहोंचा मिळून तिसराच रंग तयार होई, ज्याला मला नाव देता येत नव्हते. त्या तुकड्यापायी ते चित्र दोन महिने अडून राहिले, आणि शेवटी मी तो स्वतःच्या हाताने झाकला.

थरांनी रंगवलेल्या अमूर्त चित्राविषयी लोक बहुधा पोताबद्दल विचारतात, रंगांबद्दल विचारतात, किंवा चित्र पुरे झाले हे कसे कळते ते विचारतात. झाकण्याबद्दल सहसा कोणी विचारत नाही. वास्तविक या कामातला बराचसा वेळ झाकण्यातच जातो. व्यक्तिचित्रात खालचे थर वरच्या चेहऱ्याची चाकरी करतात. ते झाकले जाणार हे पहिल्यापासून ठरलेले असते आणि त्याचे कोणाला वाईट वाटत नाही. अमूर्त चित्रात असा कोणी धनी नसतो. तिथे प्रत्येक थर वाळता वाळताच गादीवर हक्क सांगू लागतो, आणि तो हक्क दर वेळी खोटाच असतो असेही नाही. दहा थरांचे चित्र म्हणजे एकाच कॅनव्हासवर एकामागून एक काढलेली दहा चित्रे, ज्यांतली नऊ आपणच बुजवलेली असतात.

ॲक्रिलिकमध्ये ही अडचण अधिक जाचते, कारण या माध्यमाला परतीची वाट नाही. जलरंगाचा वाळलेला डाग ओल्या ब्रशने पुन्हा हलवता येतो. तैलरंग कित्येक दिवस ओला राहतो, त्यामुळे आजचा रंग उद्या पुसून टाकण्याची सोय असते. ॲक्रिलिकचा पातळ हात दहापंधरा मिनिटांत वाळतो आणि एकदा वाळला की पाण्याला दाद देत नाही. याचे कारण त्याच्या घडणीत आहे. रंगद्रव्याला धरून ठेवणारा बंधक इथे ॲक्रिलिक पॉलिमरच्या अतिसूक्ष्म कणांचा असतो, आणि हे कण पाण्यात विरघळलेले नसून नुसते तरंगत असतात. पाणी उडून जाऊ लागले की ते एकमेकांजवळ येतात, दाटीवाटीने दबतात, त्यांचा आकार बदलतो आणि अखेरीस त्यांचा एकसंध, लवचिक पापुद्रा तयार होतो. नंतर कितीही पाणी ओतले तरी ते कण पुन्हा सुटे होत नाहीत. हे सगळे घडायला थोडी ऊब मात्र लागते. साधारण ९ अंश सेल्सियसच्या खाली कण नीट जुळत नाहीत आणि रंग वरवर वाळलेला दिसला तरी आतून कच्चा राहतो.

सगळी ॲक्रिलिके पहिल्यापासून अशी हट्टी नव्हती. १९४० च्या दशकात लेनर्ड बोकूर आणि सॅम गोल्डन यांनी ‘मॅग्ना’ नावाचा ॲक्रिलिक रंग बनवला, तो टर्पेंटाइनमध्ये विरघळणारा होता, आणि त्यावर टर्पेंटाइनने पातळ केलेला नवा हात दिला की खालचा वाळलेला थरही मऊ पडू शकत असे. चित्रकारांसाठी पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक १९५५ मध्ये हेन्री लेव्हिसन यांनी आणले, त्याचे नाव ‘लिक्विटेक्स’. ‘लिक्विड’ आणि ‘टेक्स्चर’, म्हणजे द्रव आणि पोत, या दोन शब्दांची ती जोडणी आहे. पोत या रंगाच्या बारशापासूनच त्याच्या नावात आहे, याची मला नेहमी गंमत वाटते.

त्या बंधकाची आणखी एक खोड सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ओला असताना तो दुधाळ पांढरा असतो, कारण पाण्यात तरंगणारे कण प्रकाश इतस्ततः विखुरतात; वाळल्यावर तो काचेसारखा स्वच्छ होतो. म्हणजे ट्यूबमधून निघालेल्या प्रत्येक ओल्या रंगात थोडा फसवा पांढरा मिसळलेला असतो आणि वाळताना तो निघून जातो. रंग त्यामुळे गडद होतो. पांढरा मिसळलेल्या फिकट छटांत हा फरक कमी जाणवतो, पण अल्ट्रामरीनसारख्या खोल पारदर्शक रंगात तो चांगलाच जाणवतो. सुरुवातीच्या काळात मी रात्री एक निळा जमवून समाधानाने झोपत असे आणि सकाळी कॅनव्हासवर त्याचा कोणी गंभीर थोरला भाऊ येऊन बसलेला असे. आता मी प्रत्येक मिश्रणाचा एक पट्टा जाड कागदावर ओढते, हेअर ड्रायरने वाळवते आणि मगच कॅनव्हासला हात लावते. ज्या चित्रांत मी घाईने हा पट्टा टाळला, ती चित्रे मला अजून दुरूनही ओळखू येतात.

कॅनव्हासची तयारी मला कंटाळवाणी वाटते, म्हणून ती थोडक्यात सांगते. हे चित्र ३६ बाय ४८ इंचांचे होते, सुती कापडावर. गेसोचे तीन हात, प्रत्येक हात आधीच्याला आडवा, मधे बारीक पॉलिश पेपर. मूळचा गेसो सरस आणि खडू किंवा जिप्सम यांचा असे. आज त्या नावाने मिळतो तो ॲक्रिलिक बंधकात कॅल्शियम कार्बोनेट आणि टायटॅनियमचा पांढरा घातलेला लेप असतो, ज्याच्या खरखरीतपणामुळे पुढच्या रंगाला पकड मिळते. एक गोष्ट मात्र बऱ्याच उशिरा शिकले. जेलचा, म्हणजे घट्ट केलेल्या बंधकाचा, जाड, पारदर्शक थर थेट कापडावर दिला तर कापडातली पाण्यात विरघळणारी पिवळट अशुद्धी वाळत्या जेलमध्ये ओढली जाते आणि स्वच्छ राहायला हवा तो थर मळका होतो. गेसोच्या आधी ग्लॉस मीडियमचे, म्हणजे रंगद्रव्य न घातलेल्या चकाकणाऱ्या बंधकाचे, एकदोन हात दिले तर हे बरेचसे टळते.

खरे काम पेस्टपासून सुरू होते. मॉडेलिंग पेस्ट म्हणजे ॲक्रिलिक बंधकात संगमरवराची भुकटी घालून केलेला घट्ट पांढरा लेप. तो डब्यातून रुंद पात्याने उचलायचा, कॅनव्हासवर ठेवायचा आणि मग त्याला काहीतरी करायचे. हे ‘काहीतरी’ नेमके काय, याचा विचार आधी करून ठेवला तर पोत नटल्यासारखा दिसतो. कंगव्याने ओढलेल्या समांतर रेघा, ठसा मारून उमटवलेली जाळी, गोलगोल फिरवलेल्या लाटा हे सगळे मी करून पाहिले आहे, आणि त्यांतले बहुतेक नंतर खरवडून काढले आहे, कारण असा पोत कॅनव्हासवर सजावटीसारखा बसतो आणि पुढच्या रंगाशी त्याचे काही देणेघेणे राहत नाही. मला आवडतो तो पोत दुसरेच काही करताना पडलेला असतो: पाते उचलताना पेस्टला आलेले टोक, पुठ्ठ्याच्या कडेने सपाट करताना मधेच हात अडखळल्याची पायरी, जास्तीची पेस्ट काढून घेताना मागे उरलेली फाटकी कड. या खुणांना दिशा असते. हात कुठून आला आणि कुठे थांबला हे त्यांत वाचता येते, आणि वरून येणारा रंग त्या दिशेने वागतो.

वरच्या उजव्या बाजूला, त्या कोपऱ्याच्या थोडे खाली, माझा हात सैल सुटला आणि पेस्टचा ढीग जवळजवळ पाव इंच जाडीचा झाला. पेस्ट पातळ थरांत चढवावी, एक वाळला की दुसरा द्यावा, हे मला चांगले ठाऊक होते. जाड थराचा वरचा पृष्ठभाग आधी वाळून ताठ होतो, आतले पाणी अजून निघायचे असते, ते निघताना सगळा थर आक्रसतो आणि वरचे कातडे तो ताण सोसू शकत नाही. हे सारे पाठ असूनही मला तो ढीग दिसायला आवडला आणि मी तो तसाच ठेवला. तिसऱ्या दिवशी त्यात एक तडा गेलेला होता, बोटभर लांब, वरून खाली उतरताना दोनदा वळलेला. मी तो नव्या पेस्टने भरला. पाच दिवसांनी भरलेल्या जागेच्या अगदी शेजारून दुसरा तडा गेला, कारण आतला भाग अजून ओलाच होता. इतक्या जाड थराला आतपर्यंत वाळायला कित्येक महिने लागू शकतात. पुढे मी तो तसाच राहू दिला. काही लोक मुद्दाम तडे जाणारी पेस्ट आणून असे तडे पाडतात, मला मात्र तो माझ्या आळसाचा दस्तऐवज वाटत राहिला.

पांढऱ्या पेस्टवर पहिला रंग जातो तो क्षण मला या सगळ्या कामात सर्वांत प्रिय आहे. रंग अगदी पातळ करायचा, निव्वळ पाण्याने न करता पाणी आणि मीडियम मिसळून, कारण पाण्याचाच भडिमार केला तर बंधक विरळ होतो आणि रंगद्रव्याला धरायला पुरेसा उरत नाही. कॅनव्हास जमिनीवर आडवा ठेवायचा आणि तो रंग रुंद ब्रशने सोडून द्यायचा. तो उंचवट्यांवरून निसटतो, खाचांत साचतो, पायऱ्यांच्या कडेला थबकतो. दोन मिनिटे थांबून ओलसर फडक्याने वरून पुसले की माथे पुन्हा पांढरे होतात आणि खाचांतला रंग तेवढा उरतो. आतापर्यंत पांढऱ्यावर पांढरा असल्यामुळे जे नीट दिसत नव्हते, ते सगळे एकदम वाचता येऊ लागते. हाताने काय केले होते हे डोळ्याला तेव्हा कळते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या थराविषयी बोलण्याआधी रंगांच्या पारदर्शकतेविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण थरांच्या चित्राचा अर्धा हिशेब तिथेच ठरतो. बहुतेक ट्यूबांवर एक लहानसा चौकोन छापलेला असतो: रिकामा असेल तर रंग पारदर्शक, भरलेला असेल तर अपारदर्शक, अर्धा भरलेला असेल तर मधला. थॅलो निळा, क्विनॅक्रिडोनचे लाल आणि किरमिजी, अल्ट्रामरीन हे पारदर्शकांकडचे. कॅडमियम, यलो ऑकर, टायटॅनियम व्हाइट हे झाकणारे. पॅलेटवर निळ्यात पिवळा कालवला तर जो हिरवा होतो तो, आणि वाळलेल्या पिवळ्यावर पारदर्शक निळ्याचा ग्लेझ, म्हणजे पातळ पारदर्शक हात, दिल्यावर जो हिरवा होतो तो, हे दोघे एका घरातले वाटत नाहीत. ग्लेझमधून प्रकाश आत शिरतो, खालच्या थरावर आपटतो आणि पुन्हा त्याच ग्लेझमधून बाहेर येतो, म्हणून तो रंग आतून उजळल्यासारखा दिसतो. झाकणाऱ्या रंगात हे होत नाही, तो वरच्यावरच प्रकाश परतवतो. पण सगळे चित्र ग्लेझचे केले तर ते काचेच्या पेटीतल्या वस्तूसारखे दूर आणि गुळगुळीत होते, त्याला भिंतीचा कणखरपणा येत नाही. मधेमधे कोणीतरी आडवे उभे राहणारे लागते.

माझा दुसरा थर थॅलो निळ्याचा पातळ ग्लेझ होता, तो फारसा सांगण्यासारखा नव्हता. तिसरा बर्न्ट सिएना आणि थोड्या क्विनॅक्रिडोनचा विटकरी. तो ओला असतानाच मी त्यावर वर्तमानपत्राचे फाटके तुकडे दाबले आणि ओढून काढले, म्हणजे काही जागी रंग उचलला गेला आणि खालचा निळसरपणा डागाडागांनी वर आला. असा रंग उचलण्याचा धडा मला खरे तर एका अपघाताने मिळाला होता. वाळलेले ॲक्रिलिकही उकाड्यात किंचित मऊ आणि चिकट होते, हे लक्षात न घेता मी एकदा दोन चित्रे तोंडाला तोंड लावून भिंतीशी उभी करून ठेवली होती. महिन्याभराने ती वेगळी करताना फाटल्यासारखा आवाज आला आणि एकाचा वरचा थर दुसऱ्याच्या अंगावर निघून आला. दोन्ही चित्रे वाया गेली, पण जिथे थर सुटला होता तिथली कड पाहून मी बराच वेळ तशीच उभी राहिले. ब्रशने तशी कड काढता येणार नाही.

थरांचा विषय निघाला की चित्रकार वासुदेव गायतोंडे यांची आठवण टाळता येत नाही. त्यांचे माध्यम तैलरंग, हत्यारे मुख्यतः रोलर आणि पॅलेट नाइफ. ‘अमूर्त’ हा शब्द त्यांना आपल्या कामासाठी मान्य नव्हता, ते त्याला ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’, म्हणजे वस्तुनिरपेक्ष, म्हणत. त्यांच्या कॅनव्हाससमोर उभे राहिले की खालचे थर वरच्या थरातून श्वास घेतात असे वाटते, आणि त्यासाठी कुठेही खिडकी उघडून दाखवलेली नसते. जर्मन चित्रकार गेरहार्ड रिश्टर यांच्या स्क्वीजीने, म्हणजे रुंद, सपाट पट्टीने, ओढलेल्या अमूर्त चित्रांत नेमके उलटे घडते. तिथे एकाच ओढीत वरचा थर चढतो आणि खालचा फाटून बाहेर येतो, जणू सगळे दरवाजे वाऱ्याने उघडले आहेत. मला दोन्ही आवडतात. पण काय झाकावे या प्रश्नाशी माझी झुंज चालते तेव्हा मला रिश्टर यांचा मोह पडतो आणि गायतोंडे यांचा धाक वाटतो.

तर चौथा थर. कॅडमियम यलोमध्ये किंचित यलो ऑकर, जेल मीडियमने घट्ट केलेला. पात्याच्या कडेला जोंधळ्याएवढा रंग घेतला होता, कारण खरे तर मला पाते पुसायचे होते. पाते कॅनव्हासला जवळजवळ समांतर धरून मी त्या कोपऱ्यावरून ते सहज ओढले, वजन न टाकता, आणि ते उंचवट्यांवरून खरखरत गेले. दोन बोटे अंतरावर रंग संपला, पण पाते पुढे जात राहिले, म्हणून पिवळा एकदम न थांबता विरत गेला: आधी सलग माथे, मग तुटक ठिपके, मग फक्त सर्वांत उंच टोके. मी पाते उचलले आणि मला कळले की हे पुन्हा जमणार नाही. शेजारी तसेच करून पाहिले, तेव्हा हात शहाणा झालेला होता आणि रंग खाचांत गेला.

पुढचे दोन महिने मी त्या तुकड्याची राखण केली. उरलेले चित्र त्याच्या तोलाचे व्हावे म्हणून पाचवा थर दिला, सहावा दिला, सातवा दिला, आणि दर वेळी त्या कोपऱ्याशी पोचल्यावर हात सावध होऊन वळसा घालू लागला. स्विचबोर्ड वाचवत भिंत रंगवावी तसा. तेव्हा मला वाटत होते की प्रश्न रंगांचा आहे, बाकीच्या भागात अजून जोर आलेला नाही इतकेच. एका संध्याकाळी दिवा बाजूच्या स्टुलावर ठेवलेला होता आणि तिरप्या उजेडात मला भलतेच काही दिसले. भोवती तीन थर चढले होते आणि तिथे चढले नव्हते, त्यामुळे तो कोपरा आता खरोखरच खड्ड्यात गेला होता. एक मिलिमीटर असेल नसेल, पण कड स्पष्ट होती. शिवाय भोवतीच्या थरांत मॅट मीडियम होते आणि पिवळ्यात चकाकणारे जेल, म्हणून उजेडात तो एकटाच ओल्यासारखा चमकत होता. मी ज्याला चित्राचा गाभा समजत होते तो एव्हाना चौकटीत बसवलेला नमुना झाला होता, आणि ही चौकट मीच थराथराने त्याच्याभोवती बांधली होती.

उपाय सुचायचे ते सगळे सुचले. भोवतीचे थर पॉलिश पेपरने घासून खाली आणावेत, तर वळसा घालताना कुठेकुठे पिवळ्याच्या कडेवरही रंग गेलेला, आणि कॅडमियम असलेला थर घासायचा म्हणजे त्याची धूळ श्वासात जाऊ नये म्हणून ओले घासणे, मास्क, सगळा सरंजाम. तेवढे करूनही उंचवट्यांच्या टोकांवरचा पिवळाच आधी निघून गेला असता. आयसोप्रोपिल अल्कोहोलने वाळलेले ॲक्रिलिक मऊ करून पुसता येते, पण ते कुठे थांबेल हे आपल्या हातात नसते. मग मी एक पारदर्शक प्लास्टिकचा कागद घेतला, त्यावर करडा रंगवला, वाळवला आणि त्या कोपऱ्यावर धरून पाहिला. ही युक्ती साधी आहे आणि क्रूर आहे. कागद धरला की सगळे चित्र एकदम सुटल्यासारखे झाले, डावीकडच्या खालच्या निळ्यापासून नजर मोकळी वर चढू लागली. कागद काढला की ती पुन्हा त्या पिवळ्यापाशी जाऊन अडकली. मी कागद धरला, काढला, धरला, काढला. मग दिवा मालवून बाहेर गेले, कारण उत्तर मिळाले होते आणि ते मला नको होते.

झाकायला आठवडा लागला, म्हणजे धीर यायला. प्रत्यक्ष काम चारपाच मिनिटांचे होते. टायटॅनियम व्हाइटमध्ये अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळले की एक जिवंत करडा होतो, जो काळा घालून केलेल्या करड्यासारखा मेलेला दिसत नाही. त्यात मॅट मीडियम घातले. मला दोन मोह होते. एक, ब्रशच्या मागच्या टोकाने ओल्या करड्यात एक रेघ ओढावी, म्हणजे खालचा पिवळा धाग्यासारखा चमकेल. दोन, कोपऱ्यात नखाएवढी जागा सोडावी. दोन्ही गोष्टी मी इतर चित्रांत केल्या आहेत आणि त्यांत गैर काही नाही, पण इथे ते झाकण्याचे सोंग झाले असते. पाहणाऱ्याची नजर त्या नखाएवढ्या जागेतच पुन्हा जाऊन बसली असती. मी सर्वांत रुंद पाते घेतले, भरपूर रंग घेतला आणि कोपऱ्याच्या बाहेरून सुरुवात करून, न थांबता, त्याच्यावरून पलीकडे नेले. पिवळ्याच्या टोकांवरून पाते जाताना तीच खरखर हाताला लागली. मग कडेला साचलेला रंग पात्याने उचलून घेतला आणि वाळेपर्यंत खोलीत थांबले नाही.

वाळल्यावर करडा एक छटा गडद झाला, अपेक्षेप्रमाणे. खालचे उंचवटे तसेच होते, पेस्टचेही आणि पिवळ्याचेही, कारण पोत रंगासारखा झाकला जात नाही. वरचा थर फार जाड नसेल तर तो वर येतोच. त्यानंतर आठवा, नववा आणि दहावा थर तीन संध्याकाळींत झाले, आणि त्यांत हात कुठेही अडखळला नाही. शेवटचा फक्त एक ग्लेझ होता, बर्न्ट सिएनाचा, इतका पातळ की करड्याच्या खाचांत जरासा तांबूसपणा यावा. पुरेसे दिवस वाळू दिल्यावर वॉर्निश लावले, त्याने मॅट आणि चकाकणाऱ्या जागांतला विसंवादही मिटला.

मी प्रत्येक थर वाळला की फोनवर एक छायाचित्र काढून ठेवते. ही सवय चांगली की वाईट हे मला अजून ठरवता आलेले नाही. बुजवलेले चित्र त्यामुळे पुरते मरत नाही आणि भूत होऊन राहते. एक मैत्रीण ते चित्र पाहायला आली होती, तिने सगळी छायाचित्रे ओळीने पाहिली आणि चौथ्यापाशी थांबली. अंगठा आणि बोट फाकवून तिने तो कोपरा मोठा केला. ‘‘अगं, हे का झाकलंस?’’ तिने विचारले. फोनच्या पडद्यावर तो पिवळा खरोखरच सुंदर दिसत होता, भोवतीचे चित्र कापले गेल्यामुळे तर फारच. पाते पुसायच्या नादात झालेली ओढ, विरत गेलेले ठिपके, सगळे जसेच्या तसे. माझ्याकडे जे उत्तर होते ते त्या पडद्यासमोर फारच कोरडे वाटले असते, म्हणून मी काही बोलले नाही.

‘‘कुठे होता तो नेमका?’’ ती म्हणाली. मी वरचा दिवा बंद केला आणि स्टुलावरचा दिवा कॅनव्हासच्या बाजूला आणून ठेवला. तिरप्या उजेडात करड्याखालची सगळी जमीन वर आली, माथे उजळले, खाचांत सावल्या पडल्या. वॉर्निश कधीच पक्के झाले होते, म्हणून मी तिला हात लावू दिला. तिने वरच्या उजव्या बाजूला बोट ठेवले, हळूहळू खाली आणले, दोनदा वळवले आणि एका जागी थांबून म्हणाली, ‘‘इथे ना? कळतंय.’’

तो पेस्टला गेलेला तडा होता. पिवळा तिच्या बोटाच्या चार बोटे वर होता.